खणातला चष्मा

“मुलं सांगत नाहीत हो,” लेन्सची डबी पुढे सरकवत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आपल्याला दिसतं तसंच सगळ्यांना दिसतं, असं त्यांना वाटतं. आईनेच लक्ष ठेवायचं.”

आईने मान डोलावली आणि मनात हसली. थोरली आणि सांगणार नाही? मोजा टोचला तरी घर डोक्यावर घेणारी पोर!

तरी तिने लक्ष ठेवलंच. काळजी हा तुझा छंदच आहे, असं नवरा म्हणायचा. हात साबणाने धुतलेस का, डबीतलं औषध बदललंस का, झोपण्याआधी लेन्स काढल्यास का. दिवसातून दहादा ती थोरलीच्या डोळ्यांत डोकावायची.

थोरली मात्र पार पालटली. जिम्नॅस्टिक्सला पूर्वी ती चष्मा काढून बीमच्या अरुंद पट्टीवर चढायची, तेव्हा तो बीम म्हणजे धुक्यातली काठी. आता उडी मारून नेमके पाय रोवायची. “चष्मिष” म्हणणाऱ्या पोराला तिने उलट एक नाव ठेवलं होतं, ते आईला सांगण्यासारखं नव्हतं.

“ताई आली,” पुस्तकातून नाक न काढता धाकटी म्हणायची, आणि जिन्यावर खरंच ताईच असायची. ही पोर कानांनी बघते, असं सगळे कौतुकाने म्हणत. चेंडू तेवढा तिच्या हातात कधी टिकला नाही. “तेल लावून खेळतेस का ग?” बाबा चिडवायचे.

एके दिवशी आईने सहज खण उघडला. थोरलीच्या जुन्या चष्म्यावर धूळ हवी होती. होते बोटांचे ताजे ठसे. पुढच्या आठवड्यात पाहिलं, तर त्याच्या काड्या मागून केसांच्या रबराने बांधलेल्या.

आईने ते रबर ताणून पाहिलं. कोलांट्या मारताना पडू नये म्हणूनच हे रबर! म्हणजे लेन्स खुपतायत आणि पोरगी गुपचूप चष्मा लावतेय.

“डोळे चुरचुरतात का ग?” जेवताना तिने विचारलं.

“नाही ग आई. किती वेळा सांगू?”

“मग चष्मा कोण वापरतं?”

“मला काय माहीत! मी त्याचं तोंडसुद्धा बघत नाही.”

धाकटी ताटात बघत एकेक घास चावत होती.

“खोटं बोलायचं नाही. लेन्स बंद!”

थोरली हुंदके देत उठली. “आई, रविवारी स्पर्धा आहे ग!”

“स्पर्धा तरी होऊ दे,” बाबा हळूच म्हणाले. “मग बघू.”

रविवारी निघताना आईने खण उघडला. चष्मा नव्हता. पोरीच्या बॅगेत असणार! स्पर्धा झाली की लेन्स परत करायच्या, हे तिने ठरवून टाकलं.

सभागृहात शेवटची रांग मिळाली. दूरवर थोरली बीमवर चढली. चष्मा नव्हता. गिरकी, कोलांटी, उडी. पाय जमिनीला चिकटल्यासारखे टेकले. डोळे चोळणं नाही, चाचपडणं नाही. तिने मान वर केली आणि थेट शेवटच्या रांगेकडे बघून हात हलवला.

आईचा हात वर जायच्या आत शेजारून कुणीतरी जोरजोरात हात हलवायला लागलं. आईने वळून पाहिलं.

धाकटी खुर्चीवर उभी होती. ताईचा मोठा चष्मा तिच्या एवढ्याशा नाकावर होता, मागे रबराने घट्ट बसवलेला.

“आई,” ती म्हणाली, “तुम्हाला सगळ्यांना नेहमी एवढं दिसतं?”