टक् वाजेपर्यंत

थोरल्याचं तीन वर्षांपूर्वीचं पत्र धाकट्याला तोंडपाठ होतं. ‘बाबा शेवटचे तीन दिवस तुझं नाव घेत होते. दवाखाना तुझ्या घरापासून दोन रस्त्यांवर. तू का आला नाहीस? एवढंच सांग.’ त्या पत्राला उत्तर गेलं नव्हतं. आणि आता ते लिहिणारा सत्तरीचा भाऊ त्याच्या मागे, मानेला श्वास लागेल इतक्या जवळ उभा होता.

टेबलावर नवा कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पडला होता. पंखा फिरत होता. स्क्रीन काळा. आतल्या बोर्डवर एक बारीक नारिंगी दिवा मघापासून हटून बसला होता.

“अजून तेच?” थोरला म्हणाला. “उद्या सकाळी पुस्तकाची दोनशे चाळीस पानं छापखान्यात जायची आहेत. आणि तू दिवा लावून बसलायस.”

“मेमरी सापडत नाहीये त्याला,” धाकटा पुटपुटला.

“कशी सापडेल? जोडणाऱ्याच्या वळणावर गेलाय.”

बोलावलं होतं वहिनींनी. थोरल्याचा जुना कॉम्प्युटर ऐन कामात बसला होता आणि दुकानदार आठवडा सांगत होता. धाकटा निवृत्त ग्रंथपाल. पुस्तकं वाचून वाचून त्यानं घरच्या घरी दोन कॉम्प्युटर जोडले होते. तीन वर्षांत आज पहिल्यांदा तो या घरी आला होता. थोरल्यानं दारातच सांगून टाकलं होतं, “पाचपर्यंत चालू झाला तर ठीक. नाहीतर खोकं उचल, आणि पुन्हा हा उंबरा चढू नकोस.”

सव्वाचार झाले होते.

धाकट्यानं वीज बंद केली. मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबरानं पुसल्या. एकच पट्टी लावून पाहिली. मग दुसरी. बोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढला, पाच मिनिटं थांबला, परत बसवला. दर वेळी तोच दिवा.

“भावजी, चहा ठेवू का?” वहिनींनी आतून विचारलं.

“कशाला?” थोरला ओरडला. “चहा पिऊन काय उजेड पडणार आहे?” मग तो धाकट्याकडे वळला. “पुस्तकी पंडित! हातात जीव नाही तुझ्या. सकाळी दारावर थाप मारलीस की मांजरानं अंग घासलं, कळलं नाही मला. ही म्हणाली म्हणून दार उघडलं.”

धाकट्याचे कान तापले. त्यानं मान खाली घातली आणि नजर पट्टीवर गेली. तिचं एक टोक खिटीत बसलं होतं. दुसरं टोक केसभर वर होतं.

बोर्डाबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं, दोन्ही टोकांना टक् असा आवाज येईपर्यंत दाबा. त्यानं ते दोनदा वाचलं होतं, खाली पेन्सिलीनं रेघही मारली होती. पण बोर्ड जरासा वाकला की त्याचा हात आपोआप मागे येई. काही मोडेल या भीतीनं त्यानं आजवर कशालाच जोर लावला नव्हता.

त्यानं वीज पुन्हा बंद केली आणि दोन्ही अंगठे पट्टीवर ठेवले. डोळे मिटून दाबलं. बोर्ड करकरला. टक्. मग दुसरी पट्टी. टक्.

बटण दाबलं. पंखा फिरला. दिवा पेटला आणि पेटूनच राहिला. एक मिनिट गेलं. दोन गेली.

“पुरे झाला तमाशा.” थोरल्याचा हात भिंतीवरच्या स्विचकडे गेला.

“दादा, हात लावू नकोस!”

आवाज इतका मोठा निघाला की वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. धाकटा उठून स्विचसमोर आडवा उभा होता.

“पहिल्या वेळी उशीर लागतो,” तो म्हणाला. “नवी मेमरी तो आधी नीट पारखून घेतो. मध्येच तोडलं की पुन्हा पहिल्यापासून.”

“नमनालाच घडाभर तेल!” थोरला म्हणाला, पण हात मागे गेला.

तिघंही त्या काळ्या स्क्रीनकडे बघत राहिले.

“का आला नाहीस?” थोरल्यानं विचारलं. स्क्रीनवरून नजर न हलवता.

धाकट्यानं तोंड उघडलं. ओठ हलले. तेवढ्यात नारिंगी दिवा विझला आणि स्क्रीन उजळला.

थोरल्यानं खुर्ची ओढली आणि पाठ करून बसला. “झालं ना? मग नीघ. तोंड उघडत नाही, पेन उचलत नाही. तीन वर्षं.”

“अहो, निदान चहा तरी...” वहिनी म्हणाल्या.

“त्याला उशीर होत असेल.”

कोपऱ्यावरच्या पोस्टात खिडकी बंद व्हायला आली होती. धाकट्यानं पाकीट आणि तिकीट घेतलं. बाकावर बसून त्यानं पिशवीतल्या माहितीपुस्तकाचं शेवटचं कोरं पान फाडलं आणि एका दमात लिहिलं :

‘दादा, आलो होतो. तिन्ही दिवस. खोलीच्या दारापर्यंत. आत तुम्ही सगळे होतात. दार नुसतं लोटलेलं होतं. मला ते ढकलता आलं नाही.’

बाहेरच्या पेटीचं तोंड गंजानं आवळलेलं होतं. पाकीट अर्ध्यात अडकलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, मग दोन्ही अंगठे पाकिटावर ठेवले आणि आत टक् असा आवाज येईपर्यंत दाबलं.