वडाखालचं खळं

जांबे गावात, भाड्यानं दिलेल्या खोल्यांच्या आपल्याच इमारतीखाली, पार्किंगमध्ये कुशाबा खुर्ची टाकून बसले होते. शेजारी त्यांची नात सृष्टी मांडीवर लॅपटॉप घेऊन लिनक्सवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बसवत होती.

"झालं का गं?"

"बसलं, आबा. आता माझ्या कामापुरती वेगळी जागा आखून घेते. म्हणजे बाहेरचं काही आत मिसळत नाही."

"म्हंजी खळंच की!" कुशाबा खुलले. "आमी बी भात झोडायच्या आदी शेणानं सारवून घ्यायचो. बाहेरचा खडा आत येऊ द्यायचा न्हाई. एक डाव मी वहाणा घालून आत शिरलो, तर आज्यानं फोक तुटस्तवर हाणलं हुतं."

"मग ह्या जागेला नाव काय देऊ?"

रस्त्यापलीकडं, जिथं ते खळं होतं, तिथं आता कंपनीची काचेची इमारत होती. जमीन विकताना कागदावर नुसता गट नंबर आला होता. नाव कुणी विचारलंच नव्हतं.

"वडाखालचं खळं," कुशाबा म्हणाले. लई वर्षांनी ते नाव त्यांच्या तोंडून निघालं होतं.

सृष्टीनं नाव टाइप केलं, कमांड दिली आणि पडद्यावरच्या ओळीच्या सुरुवातीलाच ते उमटलं.

"हे बघा आबा, आता आपण खळ्यात आलो."

कुशाबांनी पायांतल्या चपला काढल्या आणि खुर्चीमागं सारल्या.