वच्छलाबाईंचा हुंकार

कथा सांगणाऱ्याचे नाव राहते, ऐकणाऱ्याचे राहत नाही. यात कोणावर अन्याय होतो असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ज्याच्यावर होतो, त्याच्या तर नाहीच. सेलूच्या अण्णाजींच्या घरी हे एकेचाळीस वर्षे सुखाने चालले.

अण्णाजी दुपारी कापडाच्या दुकानातून घरी येत, वहीत कथेचा आराखडा मांडत आणि लिहिण्यापूर्वी ती पत्नीला, वच्छलाबाईंना, सांगत. जुन्या रीतीप्रमाणे ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला 'हूं' म्हणायचे असते. वच्छलाबाईंचा हुंकार आला की वाक्य वहीत उतरे. आला नाही तर अण्णाजी ते निमूटपणे बदलत. कथेखेरीज ते घरात फारसे बोलत नसत.

वैशाखात वच्छलाबाई अचानक गेल्या. त्याच्या आठ दिवस आधी अण्णाजींनी त्यांना शेवटची कथा सांगितली होती. तीत एक भाजीवाली म्हातारी अंथरुणाला खिळलेली आहे. रुसून गेलेला तिचा मुलगा परत येतो आणि काही न बोलता तिचे पाय चेपत बसतो. या शेवटापाशी हुंकार आला नव्हता.

तेव्हापासून अण्णाजींनी नऊ शेवट लिहिले. मुलगा उशिरा आला, आलाच नाही, त्याचे नुसते पत्र आले. एकही टिकला नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांचा तिसरा फोन येऊन गेला, तेव्हा त्यांनी वही मिटली आणि चहा घेऊन आलेल्या सुनेपुढे सरकवली.

"रद्दीत दे, उज्वला."

"मामाजी, मले सांगून पाहा ना. हूं मी देईन."

"तुझा हूं गिऱ्हाइकाले दिल्यासारखा राहते, बेटा. दाखवलं ते लुगडं चांगलंच. तिले कथा समजत होती. जिथं पटलं नाई, तिथं गप्प बसे. शेवट तिले पटला नाई, अन् कोणता पटला असता, ते आता सांगनार कोण?"

उज्वला वही हातात घेऊन उभी राहिली. मग ती सासऱ्यांसमोर खाली बसली. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणे.

"मामाजी, आत्याबाईले ऐकू येत नव्हतं. सात वर्षं झाले होते. तुमच्या तोंडाकडे पाहत. तोंड थांबलं की हूं म्हणत. तुमी मान फिरवली की त्यायले समजत नसे, मग गप्प राहत. मले शपथ घातली होती. म्हणे, यायले सांगजो नको, यायचं लिहिणं बंद पडन."

अण्णाजींच्या डोळ्यांसमोरून सात वर्षांत खोडलेली वाक्ये गेली. त्याहून सावकाश दुसरे काही गेले: या सात वर्षांत त्यांनी पत्नीला असे काहीच विचारले नव्हते, ज्याचे उत्तर चुकले असते. चहा निवला. ते म्हणाले,

"पन त्या दिवशी मी तिच्यासमोरच होतो. शेवटी थांबलोही होतो. मग हूं काऊन नाई म्हटलं तिनं?"

"तुमी रडून राह्यले होते, मामाजी. तुमच्या ध्यानात नाई. तुमाले पाहून त्यायचेही डोळे भरून आले. मंग तुमचं तोंडच दिसलं नाई त्यायले."

अण्णाजींनी वही परत घेतली. मुलगा पाय चेपत बसतो, हा जो शेवट कधी कागदावर उतरलाच नव्हता, तो त्यांनी एक अक्षर न बदलता लिहून काढला.

एकही शब्द कानी न पडता जिने कथा जिवंत ठेवली, तिच्या आत्म्याला शांती लाभो. आणि जिने ते गुपित सात वर्षे सांभाळले, त्या सुनेचेही बोलणे मन लावून ऐकणारे कोणी तिला लाभो.