वांडाचा पिचर

टोलिडोत स्कूलबस चालवणारी वांडा चार मोसम डार्नेल या बेसबॉलमधल्या पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं, नाव छापलेला शर्ट घालून स्टेडियममध्ये बसत होती. कधी तो एकहाती सामना जिंकून द्यायचा, कधी त्याला चेंडू सरळ टाकता यायचा नाही. आज सामन्याआधीच्या सरावानंतर तो कुंपणापाशी आला. "बाई, काढा तो शर्ट. आज हरलो की मला घरी बसवतील. उगाच तुमचं हसं होतंय." वांडा भडकली. "माझं हसं मी बघेन! रविवारी वाकडे चेंडू टाकून पाच जणांना फुकट बेसवर पाठवलंस, मी शिव्या घातल्या, पण जागची हलले नाही. आणि तू खेळायच्या आधीच हरलास? जा, टाक चेंडू!" तो मान खाली घालून गेला. सामना सुरू झाला. त्याचा पहिलाच चेंडू हातभर बाहेर गेला आणि पंचानं तो चुकीचा ठरवला. सगळ्यांनी हुर्यो उडवली. वांडा ताडकन उठली आणि पंचावर ओरडली, "आंधळ्या, सरळ आला चेंडू, स्ट्राइक होता तो!"