बारवेची तिसरी पायरी

गावात अकरा घरी नारू निघाला होता, आणि अकराही घरी रोज सकाळी कडुलिंबाच्या पाण्याचा तांब्या घेऊन शिवम्मा हजर! जखम धुवायची, पायातून डोकावणारा तो दोऱ्यासारखा किडा काडीवर अलगद गुंडाळायचा, आणि निघताना बजावायचं, "पाय बारवेत बुडवू नका. बीडचा डाक्टर म्हणला, किडा पाण्यात पिल्लं सोडतो."

तुळजाबाईच्या लेकीच्या पायाशी ती बसली, तशी तुळजाबाई कडाडली, "त्या गहिनीनाथ म्हाताऱ्यानंच गेल्या साली बारवेत पाय बुडवला! तेच पाणी पिलो आमी समदे. मुडदा बशिवला त्याचा!" मग आवाज मऊ झाला. "अक्का, तुमी हायेत म्हणून लेकरं वाचली."

शिवम्मा खाली मान घालून काडी फिरवत राहिली.

शेवटचं घर गहिनीनाथाचं. तिथं दुसरं कुणी फिरकत नव्हतं. त्याचा पाय मांडीवर घेतला आणि तिला रडू फुटलं. "बाबा, आज चावडीवर सांगून टाकते. गेल्या साली आग थांबंल म्हणून बारवेच्या तिसऱ्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून, तुमाला म्याच बसवलतं."

"लई शानी हायेस!" म्हातारा खेकसला. "मग उद्या तुला दार कोण उघडंल? त्या लेकरांच्या पायाला हात कोण लावंल? गप पाय धू."

दुसऱ्या दिवशी तुळजाबाईनं म्हाताऱ्याला पुन्हा शिव्या घातल्या. शिवम्मानं काडीवर एक वेढा गुंडाळला, आणि मान डोलावली.