डावी सीट

तंबू, स्टोव्ह आणि भाकरीच्या पिठाचा डबा मागे बांधून विद्याधर आपल्या चिमुकल्या विमानात चढला आणि नेहमीसारखा डाव्या सीटवर बसला. पट्टा लावल्यावर त्याला आठवलं, की ही सीट पायलटची.

हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी त्याचं विमान उडवणं कायमचं बंद केलं होतं. विमान विकायला काढलं तेव्हा सुनेत्रा म्हणाली, "थांब जरा." आणि साठीला टेकलेली त्याची बायको हट्टाने लायसन्स घेऊन आली. आज अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरात, त्यांच्या लाडक्या तळ्याकाठी शनिवार-रविवार राहायला तीच विमान नेणार होती.

सुनेत्रा पंखाखाली वाकून पेट्रोलात पाणी तर उतरलं नाही ना, ते पाहत होती. ती यायच्या आत उतरावं म्हणून तो पट्ट्याशी झटापट करू लागला, पण घाईत बक्कल सुटेना. तेवढ्यात ती उजव्या दारातून आत आली.

"सवयीने बसलो गं," तो खाली बघत म्हणाला. "उठतो."

"बस रे." तिने उजवी सीट पुढे ओढली, त्या बाजूच्या दुसऱ्या स्टिअरिंगवर उजवा हात ठेवला आणि इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचं मधलं थ्रॉटल डाव्या हाताने सराईतपणे धरलं. "तुला उठायला लागू नये म्हणून तर मी इकडून उडवायला शिकले. मास्तर वैतागले होते नुसते."

त्याने बक्कलवरचा हात काढला.

"फक्त कशाला हात लावू नकोस," ती म्हणाली.

इतकी वर्षं हे वाक्य त्याचं होतं. त्याने शहाण्यासारखे दोन्ही हात मांडीवर ठेवले.