तीन दिवस फुकट

"म्हणजे लिंक दाबली की पान आपल्याकडे येतं, की आपण पानाकडे जातो?" पहिल्या बाकावरच्या शेषरत्नम्मांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मागची पोरं फिस्सकन हसली.

सोमशेखरने जिभेवर आलेलं गिळलं. हैदराबादेत अमीरपेटच्या कॉम्प्युटर क्लासांची रीतच अशी. तीन दिवस फुकट शिकवायचं. चौथ्या दिवशी वीस अर्ज आले तर वर्ग चालणार, नाहीतर मास्तरने गाशा गुंडाळायचा. मागच्या दोन खेपांना तो तोंडघशी पडला होता. ही शेवटची संधी, असं मालकाने बजावलं होतं. आई बिचारी रोज सकाळी फोन करायची, दाढी कर, इस्त्रीचा शर्ट घाल म्हणून.

"पलीकडच्या खोलीत जावं ना अम्मा, तसं," त्याने पाचव्यांदा सांगितलं. "लिंक म्हणजे नुसतं दार."

दुसऱ्या दिवशी पानाची मांडणी. शेषरत्नम्मांच्या पानावरचं चित्र मजकुराशेजारी बसायचं सोडून त्याच्या डोक्यावरच जाऊन बसे. सोमशेखरने तीनदा खाली उतरवून दिलं.

तिसऱ्या दिवशी फंक्शन. पुलिहोराचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, मसाला एकदा करून ठेवावा आणि लागेल तेव्हा डबा काढावा, इतकं ते सोपं, असं तो म्हणाला खरा, पण फळ्यावर त्याचंच फंक्शन चालेना. तो एकेक ओळ पुन्हापुन्हा तपासू लागला. तेव्हा बाईंनी भाबडेपणाने विचारलं, चौथ्या ओळीतला कंस उघडाच ठेवायचा असतो का? वर्ग खदखदला. कंस खरोखरच उघडा होता. सोमशेखर ओशाळला, पण त्याने हसून त्यांचे आभार मानले.

चौथ्या दिवशी अर्ज भरले एकोणीस. सोमशेखरचा जीव टांगणीला लागला. एक नाव कमी पडलं म्हणून गावी परतायचं, या विचाराने त्याला रडूच यायला लागलं होतं. एवढ्यात शेषरत्नम्मांनी चष्मा पुसला, निवांतपणे अर्ज भरला, घडी घालून त्याच्या हाती दिला आणि जिना उतरून गेल्या.

हुश्श! त्याने घडी उलगडली.

नावाच्या जागी 'हारिका, एम.टेक.' असं होतं. त्यापुढे गोत्र आणि जन्मनक्षत्र. पालकांच्या रकान्यात लिहिलं होतं, 'आई, पॉलिटेक्निकात बावीस वर्षं हाच विषय शिकवला.' आणि 'काही शंका?' या ओळीपुढे रेखीव अक्षरात: 'होती, फिटली. इतकं छळलं तरी चिडला नाहीस, बाबू. उगादीच्या आत आईला घेऊन मुलगी बघायला ये.'